दार न उघडण्याची तालीम

त्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गुंगालिन उपनगरातली निम्मी नाकं माझ्या ओळखीची झाली होती. मी नर्स आहे, आणि दोन हजार वीस साली माझी ड्यूटी ड्राइव्ह-थ्रू टेस्टिंगच्या मैदानावर होती. गाडी यायची, काच खाली व्हायची, मी लांब काडी नाकात सरकवायची, गाडीतला माणूस डोळे मिटून पाय झाडायचा, काच वर जायची आणि पुढची गाडी यायची. आमच्या मराठी मंडळातले एरवी नाकाने कांदे सोलणारे सगळे मान्यवर एकेक करून माझ्यापुढे मान मागे टाकून बसून गेले. "सुखदा, तू आहेस म्हणून बरं गं," असं म्हणायचे आणि रिझल्ट जरा लवकर मिळेल का, तेही विचारून घ्यायचे.

मे महिन्यात मंडळाने झूमवर माझा सत्कार केला. अध्यक्ष नरेंद्रदादांनी कॅमेऱ्यासमोर शाल उलगडून दाखवली, नारळ दाखवला, 'कोविड योद्धा' असं छापलेलं सर्टिफिकेट दाखवलं, आणि सगळ्यांनी आपापल्या हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या. काही जण म्यूटवर होते, त्यांच्या टाळ्या नुसत्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी शाल आणि नारळ माझ्या दाराबाहेर पायपुसण्यावर होते. दादांनी गाडीतूनच हॉर्न वाजवला आणि मी दार उघडेपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचलीसुद्धा होती. त्या नारळाची मी चटणी केली. मखरात बसवलेल्या माणसाने असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात, असं तेव्हा मला वाटत होतं.

जूनच्या शेवटी घरमालकाचा सिंगापूरहून फोन आला. त्याची तिकडची नोकरी गेली होती, तो बायकामुलांसह परत येत होता आणि त्याला त्याचं घर हवं होतं. जुलैअखेरीला मला खोली सोडायची होती. एकटीने अख्खं घर घेणं परवडण्यातलं नव्हतं. शेअरहाउसच्या, म्हणजे घर वाटून राहायच्या, जाहिरातींवर फोन केला की पहिला प्रश्न, काम काय करतेस? मी सांगितलं की पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "नो वरीज, मेट, वी विल लेट यू नो." नो वरीज म्हणणाऱ्या एकूणएक माणसाला वरी होती.

मग मी आपल्या माणसांकडे वळले.

लीना आणि विवेक माझ्याच बरोबरीचे. युनिव्हर्सिटीत असताना आम्ही तिघांनी एका कुकरवर दिवस काढले होते. आता त्यांचं चार बेडरूमचं घर आहे. लीनाने मला मागच्या अंगणात बसवलं, कडाक्याच्या थंडीत, आणि कागदी कपात आलं घातलेला चहा दिला. मी खोलीचं विचारल्यावर तिने माझा हात धरल्यासारखं केलं, म्हणजे धरला नाही. "तसं काही नाही गं सुखदा, तुला नाही म्हणणारी मी कोण? पण विवेकला लहानपणी दमा होता ना," ती म्हणाली. त्या वेळी विवेक पळायला गेला होता. तो हाफ मॅरेथॉन पळतो. निघताना लीनाने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा हातात दिला आणि डबा परत आणू नकोस म्हणाली. मराठी घरातून निघालेला डबा परत नको, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

लीनाच्या समोरच्या घरातल्या दत्तप्रसादकडे विषय काढला, तर तो मलाच समजावू लागला. त्याची पाहुण्यांची खोली होती, पण तिचं आता होम ऑफिस झालं होतं. "आणि खरं सांगू का, तू एवढं मोठं काम करतेस, तुला निवांत जागा पाहिजे. आमच्याकडे फार गडबड असते. मी तुझ्या भल्याचंच बोलतोय," असं तो म्हणाला. त्याच्या घरात तो आणि त्याची बायको मयूरा, दोघंच. गडबड कोण करत होतं ते कळलं नाही.

राहता राहिले नरेंद्रदादा. पाच बेडरूम, दोन दिवाणखाने, आणि एक खोली नुसती मंडळाच्या मांडवाच्या सामानाची. दादांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं असं त्यांनी दोनदा सांगितलं. पण त्यांच्या आई, नीलाआजी, सांगलीहून फेब्रुवारीत नातीला भेटायला आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या होत्या. "आईचं वय बघ. ती फार घाबरते. तुझ्याबद्दल आदरच आहे, पण आईला चालणार नाही," दादा म्हणाले. मी मान डोलावली, त्यांच्या पत्नी चित्राताईंनी दिलेल्या चकल्या घेतल्या आणि अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, की आपल्याला वाटाण्याच्या अक्षता मिळालेल्या आहेत.

लोकांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. मलाही भीती वाटायची, रोज घरी येऊन मी कातडी सोलवटेपर्यंत हात धुवायची. पण भीती वाटते म्हणायला एक वाक्य पुरतं. हे लोक अर्धा तास घ्यायचे आणि वर खाऊ द्यायचे. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

याच सुमाराला मंडळाला एका सरकारी अनुदानाचा सुगावा लागला. टाळेबंदीने माणसं एकमेकांपासून तुटली आहेत, तर त्यांना जोडणारा हिवाळी कार्यक्रम करा, अशी योजना होती. अट एवढीच, की दुसऱ्या एखाद्या समाजाबरोबर मिळून करायचा. दादांनी गल्लीत नजर फिरवली. त्यांच्या शेजारी रोसाल्बा राहत होती. ती शाळेत शिकवायची, नवरा इथला. ती एकटीच होती, पण अर्जात 'हिस्पॅनिक समाज' असं लिहिल्यावर जागा भरल्यासारखी वाटते.

रोसाल्बा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची. ते राज्य अमेरिकेत यायच्या आधीपासून तिचं घराणं तिथे होतं. धर्म स्पेनचा, मिरची मेक्सिकोची, आणि हट्ट दोन्हीकडचा, असं ती स्वतःच सांगायची. तिच्या गावात नाताळ म्हणजे ऐन थंडी. कागदी पिशवीत वाळू भरायची, वाळूत मेणबत्ती खोचायची आणि असे शेकडो दिवे भिंतींवर, वाटांवर मांडायचे. त्यांना ती फारोलितो म्हणायची. इथे आल्यापासून तिने एकही लावला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या डिसेंबरात कागदात मेणबत्ती पेटवणं म्हणजे फायर ब्रिगेडला आमंत्रण, आणि मागच्या डिसेंबरात तर आम्ही सगळे वणव्याच्या धुरात खोकत होतो. पण इथे जुलैत नाताळ करायची एक हौशी टूम आहे, थंडी असते म्हणून. दादांनी तिला बोलावल्यावर रोसाल्बाचे डोळे भरून आले.

तिने मग त्यांच्या पोसादाची रीत सांगितली. नाताळच्या आधी नऊ संध्याकाळी लोक मिरवणुकीने दारोदार जातात. पुढे येशूचे आईवडील, जोसेफ आणि गाढवावर बसलेली मेरी. ती दोघं दारात उभी राहून आसरा मागतात, रात्रीपुरती जागा द्या म्हणून गातात. आतले लोक गाऊनच नकार देतात, जागा नाही, पुढे व्हा, तुम्ही चोर असाल. असं करत शेवटच्या दारी आल्यावर ते दार उघडतं, सगळे आत जातात, आणि मग खाणंपिणं आणि खाऊ भरलेली कागदी चांदणी काठीने फोडणं.

"हे मुळात आपलंच आहे," दादा म्हणाले. फारोलितो म्हणजे आकाशकंदील. मक्याच्या पानांत गुंडाळून उकडलेले तमाले म्हणजे पातोळ्या. बडीशेप घातलेली बिस्किटं म्हणजे नानकटाई, आणि चांदणी फोडणं ही उघड उघड दहीहंडी. रोसाल्बा हसून मान डोलवत राहिली. ती आमच्यात बरीच वर्षं राहत होती.

शेवटचं दार कुणाचं, यावर चर्चा झालीच नाही. स्थानिक आमदारबाई येणार होत्या, फोटो निघणार होता, तेव्हा दार उघडायचा मान अध्यक्षांचा. नकार द्यायला लीनाचं आणि दत्तप्रसादचं घर ठरलं, कारण ती दोन्ही वाटेतच होती. मेरी म्हणून दादांची मुलगी चिन्मयी, वय सोळा. गाढवाच्या जागी रोसाल्बाचा म्हातारा लॅब्रेडॉर. आणि जोसेफ कोण, असा प्रश्न आला तेव्हा दादांनी माझं नाव सुचवलं. आपली कोविड योद्धा पुढे चालली तर आमदारबाईंना भाषणात बोलायला सोपं जाईल, असं ते म्हणाले. मी त्या मीटिंगमध्ये म्यूटवर होते, आणि ते बरंच झालं.

मी हो का म्हटलं? रोसाल्बासाठी म्हटलं. शिवाय दारोदार जागा मागायचा माझ्याइतका ताजा अनुभव मंडळात कुणालाच नव्हता.

चित्राताईंनी गाण्याच्या ओव्या रचल्या. पांथस्थांनी म्हणायचं:

थंडीने गारठलो, वाट आमची लांब,
दार उघडा हो, नका म्हणू थांब.

आणि आतल्यांनी म्हणायचं:

जागा नाही येथे, पुढचे घर पाहा,
चोर की साव तुम्ही, बाहेरच राहा.

तालीम एका शनिवारी झाली. आम्ही लीनाच्या दारात उभे राहून ओवी म्हटली. लीनाने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि तिचा चेहरा कळवळला. "अगोबाई, कुडकुडताय ना. चहा टाकू?" ती म्हणाली. रोसाल्बाने मागून हात हलवले. नाही, नाही, दार उघडायचंच नाही, नकार द्यायचा. लीनाने दार लावलं. आम्ही पुन्हा गायलो. आतून आवाज आला, जागा नाही येथे, पुढचे घर पाहा, आणि मग ओवी संपायच्या आत, "पण थोडा शिरा केलाय, तो तरी खाऊन जा."

दत्तप्रसादकडे त्याहून बिकट. तो 'चोर की साव' म्हणायलाच तयार होईना. दारात आलेल्या माणसाला चोर कसं म्हणायचं, आमच्यावर तसे संस्कार नाहीत, असं तो रोसाल्बाला इंग्रजीत समजावू लागला. मयूराने तोवर सगळ्यांना बटाटेवडे वाटले. वडे खाता खाता पांथस्थ, घरमालक आणि गाढव एकाच पायरीवर बसले आणि अंधार पडला. रोसाल्बा कपाळाला हात लावून म्हणाली, की नऊ रात्रींची गोष्ट दुसऱ्याच दारात संपली, आता पुढे काय करू?

तेव्हा दादांनी तिला आमची संस्कृती सांगितली. पाहुणा म्हणजे देव. मराठी माणूस दारातून कुणाला परत पाठवूच शकत नाही, ते त्याच्या रक्तातच नाही. सगळ्यांनी दुजोरा दिला. कुणाचाही चेहरा जरासुद्धा हलला नाही. मी वडा हातात धरून एकेकाकडे पाहत होते, आणि मला खात्री आहे, त्यातल्या एकालाही दोन आठवड्यांपूर्वीची मी आठवत नव्हते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण मला नाही म्हटलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मला शेवटच्या शेअरहाउसचा मेसेज आला. सॉरी, वी हॅव डिसायडेड टु गो विथ समवन एल्स, आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. मी तो मैदानावर, दोन गाड्यांच्या मध्ये वाचला. मग मास्क बदलला आणि पुढचं नाक केलं. शिफ्ट संपवून, आंघोळ करून, दत्तप्रसादचा जुना झब्बा पफर जॅकेटवर चढवून मी जोसेफ झाले. डोक्याला माझ्याच सत्काराची शाल गुंडाळली. तेवढाच तिचा उपयोग.

गल्ली खरंच सुंदर दिसत होती, ते कबूल करायला हवं. दोन्ही बाजूंना कागदी पिशव्यांतले दिवे. वाळू कुठे मिळते ते विवेकला सुचलं नाही, म्हणून त्याने सुपरमार्केटमधून मांजरांच्या शीची खडी आणून पिशव्यांत ओतली होती. गल्लीतली सगळी मांजरं हजर होती. दीड दीड मीटर अंतर ठेवून साठ-सत्तर माणसं उभी होती, जवळपासचे गोरे शेजारी, आपले लोक, आमदारबाई आणि त्यांचा फोटोवाला. रोसाल्बा गळ्यात गिटार अडकवून उभी होती आणि रडत होती आणि हसत होती.

लीनाच्या दारात चिन्मयीने आणि मी ओवी म्हटली. आतून लीनाची आणि विवेकची ओवी आली, पण शेवटच्या शब्दावर दार किलकिलं झालं आणि लीनाचं डोकं बाहेर आलं. "फार थंडी आहे गं, निदान पाणी तरी..." ती म्हणाली. रोसाल्बा मागून ओरडली, नकार द्या, प्लीज, नकार द्या! लोक हसले.

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तो दुपारचा मेसेज होता आणि जुलै संपत आला होता. मी पायरीवर एक पाऊल वर चढले.

"लीना, गाणं राहू दे," मी म्हणाले. "महिनाअखेरीला माझी खोली जातेय. मला अजून कुठे जागा मिळाली नाही. तुझ्याकडे एक खोली देशील का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जुनी सवय हाकेला धावून यावी तसं तिचं तोंड आपोआप सुरू झालं. "तसं काही नाही गं सुखदा, तुला नाही म्हणणारी मी कोण? पण विवेकला लहानपणी दमा होता ना." आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर तिने ओठ आवळले आणि दार हळूच लावून घेतलं. विवेक आत काहीतरी म्हणाला, ते ऐकू आलं नाही.

रोसाल्बाने टाळ्या वाजवल्या. इतका खरा नकार तिने तिच्या गावातसुद्धा पाहिला नव्हता. मराठी न कळणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांना मराठी कळत होतं ते आपापल्या बुटांकडे पाहत होते. चिन्मयीने मला हळूच विचारलं, "वेट, इज दॅट फॉर रिअल?" मी म्हटलं, हो. ती पुढच्या घरापर्यंत कुत्र्याला सोडून माझ्या बाजूने चालली.

दत्तप्रसाद हुशार माणूस. पलीकडच्या दारात काय झालं ते त्याने खिडकीतून पाहिलं होतं, पण त्याला ते नाटकात केलेली सुधारणा वाटली, आणि टाळ्या पडल्या हेही त्याने पाहिलं होतं. मी खोली मागताच त्याने दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात होम ऑफिसचं सांगितलं, गडबडीचं सांगितलं, मी तुझ्या भल्याचंच बोलतोय हेही सांगितलं. त्याच्यामागे मयूरा उभी होती. तिने मान खाली घातली आणि दार त्याच्या तोंडासमोर लावून घेतलं. या वेळी टाळ्या आणखी मोठ्या पडल्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथे सुनेलाही वाटत होतं की हे लेकीचंच चाललंय.

आणि मग आम्ही शेवटच्या दारात आलो.

नरेंद्रदादा कुर्त्यावर जाकीट घालून दारामागे तयार होते. त्यांच्या दाराला झेंडूचं प्लास्टिकचं तोरण, त्याखाली रोसाल्बाने लावलेल्या लाल मिरच्यांची माळ. फोटोवाला गुडघ्यावर बसला. ठरल्याप्रमाणे आम्ही एक ओवी म्हणायची आणि दादांनी दार उघडून, 'या हो या आत, घर हे तुमचे' असं गायचं. चिन्मयीने ओवी सुरू केली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आस्क हिम."

दार उघडलं. दादांनी गायला तोंड उघडलं.

"दादा, मला राहायला जागा नाही," मी म्हणाले. "आठवड्यात खोली सोडायचीय. तुमच्याकडे जागा आहे का?"

दादांचं हसू तसंच राहिलं, फोटोसाठी लावलेलं. त्या हसण्यातूनच ते हलक्या आवाजात म्हणाले, की सुखदा, गाणं म्हण, सगळे बघताहेत. मी गाणं म्हटलं नाही. मग दादांनी नाइलाजाने, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "अगं तुला सांगितलंय ना मी, आईचं..."

"आईचं काय?" आतून आवाज आला.

नीलाआजी हॉलमध्ये हीटरजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर दोन स्वेटर आणि पायांवर गोधडी. कार्यक्रम दिसावा म्हणून चित्राताईंनी त्यांना दारासमोर बसवलं होतं. एवढे महिने मी त्यांना फक्त झूमच्या कोपऱ्यात पाहिलं होतं.

"काही नाही आई, नाटक चाललंय," दादा म्हणाले.

"नाटक असेल तर तू का घाबरलास?" आजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आईचं काय गं? काय सांगितलं होतं यानं?"

मी सांगितलं. तुम्ही फार घाबरता, तुम्हाला चालणार नाही.

 आजी गोधडी बाजूला करून उठल्या, खुर्चीच्या हातावर जोर देत, आणि दारापर्यंत आल्या. दादा बाजूला झाले. झाले म्हणजे व्हावंच लागलं.

"घाबरते तर मी आहेच," त्या म्हणाल्या. "पण चालणार नाही असं मी कुणाला म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. फेब्रुवारीत पाहुणी म्हणून आले, ती अजून पाहुणीच आहे. सकाळपासून जो तो आपल्या खोलीत कम्प्युटरशी बोलतो. मी हीटरशी बोलते. माझ्या खोलीत दुसरा पलंग रिकामा आहे, त्यावर मांडवाच्या चादरी ठेवल्यात. त्या काढायला किती वेळ लागतो? ये आत पोरी, दार उघडं आहे, थंडी आत येतेय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जोसेफ होते आणि जोसेफने रडायचं असतं की नाही मला माहीत नाही, पण मी रडले, सगळ्यांसमोर.

आमदारबाईंनी चिन्मयीला विचारलं, आजी काय म्हणाल्या?

"शी सेड यस," चिन्मयी म्हणाली. "ग्रॅनी सेड यस. शी कॅन लिव्ह विथ अस."

फोटोवाल्याने फोटो काढला. आमदारबाईंनी दादांचा हात हातात घ्यायचं आवरून त्यांना कोपर लावलं आणि म्हणाल्या, की फ्रंटलाइनवरच्या माणसांसाठी असं घर उघडणारं कुटुंब आपल्या भागात आहे याचा मला अभिमान वाटतो, हे मी सगळीकडे सांगणार. दादा थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार? चित्राताई मात्र कुणाला काही न विचारता आत गेल्या आणि चादरी काढायला लागल्या, तो आवाज मला बाहेर ऐकू आला.

मग रोसाल्बाने अंगणात मक्याच्या उसळीसारखं पोसोले नावाचं कालवण वाढलं, बिस्किटं वाटली, आणि कागदी चांदणी झाडाला टांगली. पहिली काठी आजींनी मारली. चांदणी हललीसुद्धा नाही, पण टाळ्या पडल्या, आणि या वेळी कुणी म्यूटवर नव्हतं. लीना मागे उभी होती. जाताना ती माझ्याजवळ आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, की डबा परत आणून दे. मी म्हटलं, देईन.

महिनाअखेरीला मी दोन बॅगा आणि राइस कुकर घेऊन नीलाआजींच्या खोलीत राहायला गेले. शिफ्टवरून आले की मी आधी गराजमध्ये कपडे बदलते, न्हाते, आणि मगच आत जाते. आजी तोवर दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या असतात आणि आज किती नाकं झाली ते विचारतात. कुणाचं कसं होतं तेही विचारतात, पण ते मी सांगत नाही. दादा पहिले काही दिवस माझ्याशी फार आदराने बोलायचे, म्हणजे कमी बोलायचे. मंडळाच्या वार्षिक अहवालात त्यांच्या दाराचा फोटो मुखपृष्ठावर आला, खाली 'अतिथी देवो भव'. आजी फोटोत नाहीत. फोटोवाल्याच्या आणि त्यांच्या मध्ये दादांचा खांदा आला.

गणपतीच्या तोंडावर एकदा मी आणि आजी जेवत होतो. दादा पलीकडे फोनवर होते. मंडळाची मीटिंग आता प्रत्यक्ष भेटून घ्यायची ठरली होती, आणि सगळ्यांत मोठं घर कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. फोन लीनाचा असावा. दादा बराच वेळ ऐकत होते, हो हो म्हणत होते, आणि मग त्यांचा तो मनापासूनचा आवाज आला.

"तसं काही नाही गं, मला तर आनंदच झाला असता. पण आमच्याकडे सुखदा राहते ना आता. तिला चालणार नाही."

मी घास हातात धरून आजींकडे पाहिलं. आजींनी ताकाची वाटी तोंडाला लावली, सावकाश प्याल्या, आणि वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मी सुटले बाई. आता तुझी पाळी."